एका संख्येची उकल

बुद्धिबळाच्या पटाची जुनी कथा सर्वश्रुत आहे. राजाने प्रसन्न होऊन "हवे ते माग" असे म्हटले, तेव्हा त्या चतुर पुरुषाने पटाच्या पहिल्या घरासाठी धान्याचा एक दाणा मागितला; दुसऱ्या घरासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, चौथ्यासाठी आठ, याप्रमाणे प्रत्येक पुढील घरासाठी मागच्या घराच्या दुप्पट. राजाला ही मागणी अगदी क्षुल्लक वाटली. परंतु हिशेब पुरा होताच त्याच्या ध्यानी आले की, राज्यातील सारी कोठारे रिती केली तरी ती पुरी होणे नाही. चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते.

ही बेरीज करण्यास एक सोपी युक्ती आहे. पहिल्या दोन घरांतील दाणे १ + २ = ३; म्हणजे तिसऱ्या घरातील चारांहून एक कमी. पहिल्या तीन घरांतील दाणे १ + २ + ४ = ७; म्हणजे चौथ्या घरातील आठांहून एक कमी. जितकी घरे, तितक्या वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून १ वजा करावा, की बेरीज मिळते.

आता समजा, त्या चतुर पुरुषाने पटाला आणखी तीनच घरे जोडून घेतली असती. मग सदुसष्ट घरांतील दाण्यांची संख्या, म्हणजेच २ च्या सदुसष्टाव्या घातातून १ वजा करून येणारी संख्या, अशी झाली असती :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

ही संख्या एकवीस अंकी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती' ग्रंथात एकं, दहं, शतं यांपासून आरंभ करून स्थानांची अठरा नावे दिली आहेत. त्यांतील शेवटचे नाव 'परार्ध'. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. ही संख्या १,४७५ परार्धांहूनही मोठी आहे. दर सेकंदास एक दाणा मोजला, तर सारे दाणे मोजण्यास चार लाख कोटींहून अधिक वर्षे लागतील.

तथापि या संख्येची थोरवी तिच्या आकारात नाही. याहून मोठी संख्या हवी असल्यास तिच्यापुढे एक शून्य मांडले की झाले. या संख्येने दोनशेहून अधिक वर्षे विद्वानांना एक प्रश्न घातला होता, आणि तो प्रश्न विचारण्यास अगदी सोपा होता : ही संख्या मूळ आहे की संयुक्त?

ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज अन्य भाजक नसतो, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या होत. १५ ही संयुक्त संख्या; कारण ३ × ५ = १५. दोन्ही अवयव समोर ठेवले की १५ संयुक्त आहे याविषयी कोणालाही शंका उरत नाही.

दाण्यांच्या बेरजांकडे या दृष्टीने पाहिले, तर एक गंमत दिसते. दोन घरांची बेरीज ३, तीन घरांची ७, पाच घरांची ३१, सात घरांची १२७. या चारही संख्या मूळ आहेत. याउलट चार घरांची बेरीज १५, सहा घरांची ६३, आठ घरांची २५५. या तिन्ही संख्या संयुक्त आहेत. घरांची संख्या संयुक्त असेल, तर बेरीजही नेहमी संयुक्तच येते. सहा घरांचे दोन-दोनांचे किंवा तीन-तीनांचे गट पडतात. म्हणून ६३ ला दोन घरांच्या बेरजेने, म्हणजे ३ ने, आणि तीन घरांच्या बेरजेने, म्हणजे ७ ने, नि:शेष भाग जातो. बुद्धिबळाच्या पटाची बेरीजही अशीच संयुक्त आहे. चौसष्ट ही संयुक्त संख्या आहे हे एक कारण. शिवाय त्या बेरजेच्या शेवटी ५ आहे, त्यावरूनही ते उघड होते.

मग घरांची संख्या मूळ असली, की बेरीज मूळच येईल काय? २, ३, ५, ७ यांवरून तसे वाटते. परंतु चार उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही. अकरा ही मूळ संख्या आहे. अकरा घरांची बेरीज २,०४७ येते, आणि २,०४७ = २३ × ८९. एवढ्या एका उदाहरणाने तो तर्क कोसळला. सदुसष्ट ही संख्याही मूळ आहे. तेव्हा आपली एकवीस अंकी संख्या मूळ असू शकेल, किंवा नसूही शकेल. ते तपासूनच ठरवावे लागेल.

या संख्यांचा विचार फार प्राचीन काळापासून चालत आला आहे. ज्या संख्येच्या स्वतःखेरीज इतर सर्व भाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच होते, तिला ग्रीक पंडित परिपूर्ण संख्या म्हणत. ६ चे भाजक १, २, ३. त्यांची बेरीज ६. २८ चे भाजक १, २, ४, ७, १४. त्यांची बेरीज २८. युक्लिडने दाखवून दिले की, दाण्यांची बेरीज मूळ संख्या आली, तर तिला शेवटच्या घरातील दाण्यांनी गुणावे, म्हणजे परिपूर्ण संख्या मिळते. दोन घरे घेतली तर ३ × २ = ६; तीन घरे घेतली तर ७ × ४ = २८; पाच घरे घेतली तर ३१ × १६ = ४९६. यामुळे अशा मूळ संख्या शोधण्याची ओढ गणितज्ञांना लागली.

सतराव्या शतकात पॅरिस येथे मारँ मर्सेन नावाचे एक ख्रिस्ती संन्यासी राहत होते. युरोपातील अनेक विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार असे, आणि एकाचे विचार दुसऱ्यापर्यंत त्यांच्या पत्रांतून पोहोचत. १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विधान केले की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरांनीच मूळ संख्या मिळतात. या विधानाची सिद्धता मात्र त्यांनी दिली नाही. तरीही त्या संख्यांना पुढे त्यांचेच नाव पडले. आजही त्यांना मर्सेन संख्या म्हणतात.

मर्सेन यांच्या यादीत सदुसष्ट होते. म्हणून आपली एकवीस अंकी संख्या मूळ आहे असे मानले जाऊ लागले. ते खरे की खोटे हे पाहण्याचा सरळ मार्ग भागाकाराचा. परंतु त्या मार्गाने जाणाऱ्यास १,२१४ कोटींपर्यंतच्या मूळ संख्यांनी एकामागून एक भाग लावून पाहावा लागला असता. थोर गणितज्ञ ऑयलर यांनी १७७२ साली एकतिसाव्या घाताची संख्या, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, मूळ असल्याचे सिद्ध केले; पण ती दहाच अंकी होती. सदुसष्टाव्या घाताला हात घालण्याचे धैर्य कोणास होणार?

अशी दोनशे बत्तीस वर्षे लोटली. १८७६ साली एदुआर ल्युकास या फ्रेंच गणितज्ञाने निराळीच वाट काढली. नारळ हलवून पाहिला की आत पाणी आहे, हे तो फोडण्यापूर्वीच कळते. त्याचप्रमाणे एखादी संख्या संयुक्त आहे की नाही, हे तिचे अवयव हाती न लागताही सांगता यावे, अशी ल्युकास यांची रीत होती. १९३० साली डी. एच. लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने ती अधिक सोपी केली. तिचे सुधारलेले रूप असे आहे :

प्रथम ४ ही संख्या घ्यावी. तिचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे, १४ येतात. १४ चा वर्ग करून २ वजा करावे, १९४ येतात. १९४ चा वर्ग करून २ वजा करावे, ३७,६३४ येतात. ही माळ अशीच पुढे वाढवावी. घातांक ५ असेल, तर माळेतील चौथी संख्या पाहावी. ३७,६३४ ला ३१ ने भागले असता भागाकार बरोबर १,२१४ येतो आणि बाकी उरत नाही. म्हणून ३१ मूळ संख्या आहे. घातांक ११ असेल, तर दहावी संख्या पाहावी. ती फारच मोठी होते. म्हणून प्रत्येक पायरीवर २,०४७ ने भागून केवळ बाकी पुढे न्यावी. शेवटी बाकी शून्य न येता १,७३६ येते. म्हणून २,०४७ मूळ नाही. २३ आणि ८९ हे अवयव मात्र या रीतीत कोठेही दिसत नाहीत.

ल्युकास यांनी आपल्या रीतीने सदुसष्टाव्या घाताची संख्या तपासली, तेव्हा ती मूळ नाही असे निष्पन्न झाले. मर्सेन यांचे विधान चुकले होते. त्याच वर्षी ल्युकास यांनी एकशे सत्ताविसाव्या घाताची एकोणचाळीस अंकी संख्या मात्र मूळ असल्याचे दाखवले. पुढे १८८३ साली रशियातील परव्हुशिन नावाच्या एका धर्मगुरूने एकसष्टाव्या घाताची संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. ती तर मर्सेन यांच्या यादीत नव्हतीच. मर्सेन यांना ६१ म्हणावयाचे असेल व छापताना ६७ पडले असेल, असा तर्क तेव्हा काहींनी केला. परंतु ८९ आणि १०७ हे घातांकही यादीतून सुटले होते, आणि २५७ चुकून आत आले होते. एकंदर पाच चुका निघाल्या. थोर पुरुषाचे नाव विधानामागे असले, तरी गणितात सिद्धतेवाचून विधान टिकत नाही.

ल्युकास यांच्या शोधाने एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. ती एकवीस अंकी संख्या संयुक्त आहे हे ठाऊक झाले. पण ती कोणत्या संख्यांच्या गुणाकाराने झाली आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. नारळात पाणी आहे हे कळले होते; नारळ फुटत नव्हता.

ते काम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी हाती घेतले. त्या काळी आजची गणकयंत्रे नव्हती. अंधारात चाचपडणाऱ्याला भिंतीचा आधार मिळावा, तसा एका नियमाचा आधार मात्र होता. २,०४७ चे अवयव पाहा. २३ मधून १ वजा केला तर २२ उरतात. ८९ मधून १ वजा केला तर ८८ उरतात. दोन्हींना २२ ने, म्हणजे अकराच्या दुपटीने, भाग जातो. हा केवळ योगायोग नव्हे. घातांक मूळ आणि विषम असला, की मर्सेन संख्येच्या प्रत्येक अवयवातून १ वजा केल्यास उरलेल्या संख्येला घातांकाच्या दुपटीने नि:शेष भाग जातो, हे सिद्ध झालेले होते. तेव्हा सदुसष्टाव्या घाताच्या संख्येचे अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांतच शोधावयाचे होते : १३५, २६९, ४०३, आणि पुढे तशाच.

या नियमाने काम पुष्कळ हलके झाले, तरी ते डोंगराएवढेच राहिले. खरा लहान अवयव या ओळीत १४,४५,५८० व्या जागी दडून बसला होता. एकेका भागाकारास पाच मिनिटे धरली आणि रोज आठ तास काम केले, तरी ओळीने तेथवर पोहोचण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला असता. म्हणून कोल यांनी आणखी नियम लावले. कोणत्या जातीची संख्या अवयव असूच शकत नाही हे ठरवून ते निरुपयोगी संख्या गाळीत गेले, आणि उरलेल्यांचा शोध घेत राहिले.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणित परिषदेची सभा भरली होती. तीत कोल यांचा मोठ्या संख्यांच्या अवयवांविषयीचा निबंध होता. इ. टी. बेल या गणितज्ञाने पुढे लिहिलेल्या हकीकतीनुसार, कोल आपली पाळी येताच एक शब्दही न बोलता फळ्यापाशी गेले. त्यांनी खडू घेऊन २ चा सदुसष्टावा घात मांडण्यास आरंभ केला. तो पुरा झाल्यावर त्यातून काळजीपूर्वक १ वजा केला. नंतर फळ्याच्या कोऱ्या भागाकडे वळून त्यांनी दोन संख्या मांडल्या :

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

आणि शाळेतील विद्यार्थी करतो तसा साधा, ओळीखाली ओळ मांडून, गुणाकार केला. अखेरची बेरीज झाली. दोन्ही बाजूंची उत्तरे अंकाला अंक जुळली. कोल आपल्या जागी जाऊन बसले. सभेतून टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीही एकही प्रश्न विचारला नाही. विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. या शोधास किती काळ लागला, असे बेल यांनी काही वर्षांनी विचारले, तेव्हा कोल यांनी तीन वर्षांचे रविवार, असे उत्तर दिल्याचे ते सांगतात.

कोल यांचे उत्तर कोणालाही पडताळून पाहता येते. प्रथम नवाचा ताळा घ्यावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७; ३ + ७ = १०; १ + ० = १. दुसऱ्या अवयवाच्या अंकांची बेरीज ६४; ६ + ४ = १०; पुन्हा १. दोहोंचा गुणाकार १. आता एकवीस अंकी संख्येच्या अंकांची बेरीज १०९; १ + ० + ९ = १०; तेथेही १. ताळा जुळला. मात्र ताळा जुळणे म्हणजे उत्तर बरोबर असणे नव्हे. अंकांची अदलाबदल झाली, तर ती चूक ताळ्याला सापडत नाही. खात्री हवी असेल त्याने पूर्ण गुणाकारच करावा. कागद मोठा घेतला आणि हातचे नीट सांभाळले, तर शाळेतील विद्यार्थ्यालाही तो एका बैठकीत करता येतो.

येथेच या संख्येचा खरा धडा आहे. जे शोधून काढण्यास एका विद्वानाला तीन वर्षांचे रविवार खर्ची घालावे लागले, ते तपासण्यास एक तासही पुरतो. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे. परंतु गुणाकार हाती देऊन त्या दोन संख्या शोधावयास सांगणे महाकठीण. या विषमतेचा पुढे मोठा उपयोग झाला. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त संदेश पाठवण्याची जी रीत शोधून काढली, तिचा पाया हाच आहे. मात्र तिच्यात एकवीस अंकी संख्या चालत नाही. शेकडो अंकांच्या संख्या घ्याव्या लागतात. कारण कोल यांनी फोडलेल्या संख्येचे अवयव आजचा संगणक एका क्षणात काढतो.

मर्सेन संख्यांचा शोधही थांबलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या मर्सेन मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे, आणि ती संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. ती तपासण्याच्या कामी अनेक संगणक लागले. परंतु त्यांच्या मुळाशी ल्युकास यांची वाट आणि ४, १४, १९४ ही लहानशी माळच आहे.

कोल १९२६ साली निवर्तले. त्यांच्या नावाने अमेरिकन गणित परिषद बीजगणित व अंकशास्त्र या विषयांतील उत्तम कार्याबद्दल पारितोषिक देते. त्यांच्या सभेतील त्या दिवसाची आठवण मात्र कोणत्याही व्याख्यानामुळे राहिलेली नाही. एका फळ्यावर खडूने मांडलेला आणि चूक नसलेला एक गुणाकार, एवढेच त्या दिवशी घडले होते.

स्वाध्याय

१. पटाच्या पहिल्या दहा घरांतील दाण्यांची बेरीज किती? ती संख्या मूळ आहे की संयुक्त, हे भागाकार न करता कसे सांगता येईल?

२. मर्सेन यांच्या विधानात कोणत्या पाच चुका होत्या?

३. 'नारळात पाणी आहे हे कळले होते; नारळ फुटत नव्हता.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. तेविसाव्या घाताच्या मर्सेन संख्येचा एक अवयव ४७ आहे. पाठातील नियम त्याला लागू पडतो का, ते पाहा.

५. कोल यांनी मांडलेला गुणाकार वहीत करून पाहा. त्यास किती वेळ लागला, तेही लिहून ठेवा.